वर आलेलं मैदान

सोमवार, ता. १५ डिसेंबर, सकाळचे साडेदहा. कॉलेजच्या जुन्या मैदानावरचे बास्केटबॉलचे दोन लोखंडी खांब, वरच्या फळ्या आणि रिंगांसकट, भंगारात द्यायचे होते. बोलीची सुरुवात चार हजार रुपयांपासून. हजर माणसं सहा: कॉलेजचे हेडक्लार्क, त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आलेला शिपाई, बाजारातला भंगारवाला, त्यानं सोबत आणलेला गॅसकटरवाला, वेल्डिंगचं दुकान असलेला रफिक, आणि मी. माझं तिथे काही काम नव्हतं. मुलीच्या दाखल्यावर हेडक्लार्कांची सही हवी होती आणि ते ऑफिस सोडून मैदानावर गेले होते, म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेलो.

भंगारवाला खांबाला बोटाच्या पेरानं ठोकून पाहत होता. "आतून सडले असतीन साहेब. चार हजार लय होते."

"चार हजाराच्या खाली मले देताच येत नाही भाऊ," हेडक्लार्क म्हणाले. "वरून कापायचे पाचशे घेणाऱ्यानं कटरवाल्याले द्यायचे. लवकर ठरवा, इथं गाड्यांचा शेड होऊन राह्यला."

रफिक बोलीकडे पाहतच नव्हता. तो खांबाच्या बुडाशी उकिडवा बसला होता आणि तिथली माती तळहातानं बाजूला सारत होता. आधी वरची धूळ, मग गवताची वाळकी मुळं, मग टणक मुरूम. पन्नाशीचा माणूस, दाढी निम्मी पांढरी, डाव्या हातावर भाजल्याचे जुने डाग. तो काय शोधतो आहे हे तिथे फक्त मलाच कळण्यासारखं होतं.

तो लाल पट्टा शोधत होता.

उकरलेल्या मुरमाचा वास वर आला. ओल्या मुरमाला एक गंजल्यासारखा, तोंडात लोखंडाची चव आणणारा वास असतो. मी दाखला घडी करून खिशात ठेवला.

चौऱ्याण्णव सालचा हिवाळा. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. बुलढाण्याच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं; कॉलेजच्या मागे सरळ शेतंच लागायची. सकाळी सहाला मैदानावर गेलं की तुरीच्या शेतातून गार हवा यायची, कुठे तरी कपाशीच्या पऱ्हाट्या जळत असायच्या, आणि जिनिंगच्या बाजूनं सरकीचा तेलकट वास यायचा. बॉल रबरी होता, त्याच्यावरचे दाणे झिजून गुळगुळीत झालेले. हवा भरायची सुई थुंकी लावून आत घालायची, हे काम गजाननचं. तो धाड गावचा, शेतकऱ्याचा मुलगा, पहिल्या जीपनं यायचा. टपावर बसून आल्यामुळे त्याच्या केसांत रस्त्याची सगळी धूळ असायची आणि आल्याबरोबर तो कोणाला तरी टोमणा मारायचा. बहुतेक वेळा मलाच.

"काय मुनीम, झोप मोजून झाली का?"

मला सगळे मुनीम म्हणत. मी राखीव खेळाडू होतो, पण खरं काम गुण मांडायचं. कोणी किती टाकले आणि किती चुकवले, हे मला न लिहिता पाठ असायचं. त्यात काही कौशल्य नव्हतं. माझ्या डोक्याला ती खोडच आहे. अजूनही घरात गॅसची टाकी कधी लावली ते बायको मलाच विचारते.

मैदान सिमेंटचं नव्हतं. मातीचं होतं आणि आमच्याच हातचं होतं. दसरा झाला की ते धरायला घ्यायचं, ही कॉलेजातली रीत. टेकडीच्या खदानीतून बैलगाडीनं मुरूम आणायचा, चाळायचा, तीन बोटं जाड पसरायचा. विहिरीचं पाणी मारून धुमुसानं ठोकायचा. मग सगळ्या संघानं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, अनवाणी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुडवत जायचं. शेवटी शेणकाला करून खराट्यानं सारवायचं आणि दोन दिवस कुत्रंसुद्धा फिरकू द्यायचं नाही. शेतात ज्वारीसाठी खळं करतात, नेमकं तसं. आम्हाला हे आधीच्या मुलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आमचे क्रीडाशिक्षक डोंगरदिवे सर मूळचे कबड्डीचे. त्यांनी बास्केटबॉल नियमांच्या पुस्तकातून शिकलेला. ते म्हणायचे, "मैदान म्हणजे आपलं शेत आहे रे. जेवढं द्याल तेवढं देईल."

वाळलं की मैदान तांबूस, मऊ, घोटल्यासारखं दिसायचं. त्यावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा. बॉल आपटला की टप्प न वाजता धप्प वाजायचा, खाली कोणी तरी हुंकार दिल्यासारखा. दर वर्षीच्या मुरमानं मैदान आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ओट्यासारखं वर आलं होतं आणि पाणी साचत नाही म्हणून सर त्यावर खूश होते.

खांब उभे केले होते रफिकच्या वडिलांनी, उस्मानचाचांनी. आम्ही कॉलेजात येण्याच्या बरंच आधी. स्टँडजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. दहा फुटांवर रिंग, सागवानी फळ्या, आणि शोभा म्हणून खांबाच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चार बोटं रुंदीचा लाल पट्टा. आम्ही आलो तेव्हा त्या पट्ट्याखाली चार बोटंच काळं शिल्लक होतं. दर दिवाळीला पट्टा थोडा खाली यायचा. आमच्याकडची जमीन काळी. घराची भिंत खचते, विहिरीची कडा खचते, मैलाचा दगड खचतो. खांबही खचतच असणार.

"खांब बसून राह्यला बे," गजानन म्हणायचा, आणि बुडाशी आणखी दोन टोपली मुरूम टाकून ठोकायचा. आम्ही सगळेच टाकायचो. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

रफिक आमचा कप्तान. उंच, हातांनी लांब, बोलायला कमी. त्या वर्षी त्याची उडी अशी फुलली होती की तो दोन्ही हातांनी रिंग धरून लोंबायचा. बाजाराच्या दिवशी माणसं मिरच्यांची पोती रिकामी करून मैदानाच्या कडेला येऊन उभी राहायची. "रिंग धर बे रफिक!" अशी आरोळी आली की तो मान खाली घालून हसायचा, चार पावलं धावायचा आणि वर जायचा. लोखंडाचा टण्ण असा आवाज व्हायचा आणि फळी थरथरायची. एक म्हातारी दर बाजाराला विचारायची, "बापा, हात नाही का भाजत?" तिला ते गरम कढईसारखं काही वाटायचं.

त्या मोसमात आमच्या मैदानावरचे सगळे सामने आम्ही जिंकले. अंतिम सामना खामगावच्या संघाशी ठरला आणि तोही आमच्याच गावी, आमच्याच मैदानावर. तो पाहायला अमरावतीहून विद्यापीठाच्या निवड समितीतले एक गृहस्थ येणार होते. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर रफिकला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळणार होता. नाही लागलं तर मार्चपासून दुकान. चाचांनी हे त्याला माझ्यासमोरच सांगितलं होतं, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून, शांतपणे.

"देख बेटा, एक साल मैंने दिया. अब आंख से पानी आता है. नंबर लगा तो जा, मेरी दुआ. नहीं लगा तो ये भट्टी, ये मशीन."

"हां अब्बा," रफिक म्हणाला. परत येताना अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला, "मुनीम, आपल्याले मास्तर व्हायचं हाये बे. शिट्टी गळ्यात घालून फिरायचं."

अंतिम सामन्याआधी बुलढाण्याला एक सामना होता, सिमेंटच्या मैदानावर. तिथे पोचल्यावर गजाननला बॉलचा आवाज आवडला नाही. "ताशा वाजवून राह्यले का हे?" सामन्याआधी रफिकनं सवयीप्रमाणे चार पावलं घेतली आणि वर गेला. बोटं रिंगला लागली नाहीत. तो खाली आला, हातांकडे पाहिलं, पुन्हा गेला. पुन्हा नाही. प्रतिस्पर्धी मुलं पाहत होती. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

सामना आम्ही कसाबसा जिंकला, समोरचा संघ कच्चा होता म्हणून. पण रफिकचा जवळजवळ प्रत्येक बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, मागे नाही, पुढच्याच कडेला. आणि त्याचाच नाही, आमचा सगळ्यांचाच. बाकावर बसून गुण मांडताना मी ते मोजत होतो. एक माणूस चुकतो तेव्हा तो त्याचा दिवस असतो. सात माणसं एकाच जागी चुकत असतील तर तो दिवस नसतो.

परतीच्या जीपमध्ये सर म्हणाले, "प्रवासाचा शीण आहे. घरी गेल्यावर हात बसेल."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी काकांचा लोखंडी टेप घेऊन मैदानावर गेलो. गजाननच्या खांद्यावर उभा राहिलो.

"लवकर कर बे मुनीम, खाऊन-पिऊन वजन वाढवून राह्यला."

मी रिंगच्या वरच्या कडेला टेप लावला. खाली रफिकनं टोक जमिनीला टेकवलं आणि आकडा वाचला. मग त्यानं तो मला वाचायला सांगितला. नऊ फूट पाच इंच. दुसऱ्या टोकाच्या खांबापाशी गेलो. नऊ फूट साडेपाच.

सात इंच. आम्ही वर्षानुवर्षं सात इंच खालच्या रिंगवर खेळत होतो. रफिकनं टेप सोडला. तो सापासारखा सळसळत माझ्या हातात परत आला.

सरांचा पहिला विचार उस्मानचाचांकडे गेला. चाचांना बोलावणं धाडलं. ते आले, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, खांब खचले तुमचे. शनिवारी सामना आहे आणि रिंग खाली आली."

चाचांनी लाल पट्ट्याकडे पाहिलं. तो जमिनीला टेकायला आला होता. त्यांचा चेहरा पडला. "काली मिट्टी है साहब. मेरा खंबा बैठ गया, मतलब मेराच फाउंडेशन कच्चा." रफिक बाजूला उभा होता. बापाकडे पाहावं की सरांकडे, हे त्याला कळत नव्हतं. तो बॉलच्या शिवणीवर नख घासत होता.

किती खचलं ते पाहायचं म्हणून चाचांनी बुडाशी खणायला घेतलं. गजाननच्या हातात टिकास होतं. वरचं सारवण फुटलं, त्याखाली मुरूम, त्याखाली पुन्हा सारवणाचा एक काळसर पापुद्रा, पुन्हा मुरूम, पुन्हा पापुद्रा. थराखाली थर, शिळ्या भाकरीसारखे. मग टिकास खणकन वाजलं. सिमेंटचा ओटा लागला. खांब बसवताना चाचांनी जमिनीच्या बरोबरीनं घातलेला तोच ओटा, जसाच्या तसा, एका बाजूलासुद्धा न कललेला.

खांब खचलेच नव्हते.

गजानन खड्ड्यात उभा राहून थर बघत होता. "अरे मायबाप," तो म्हणाला. "हे तं आपनच रचलं."

जमीन वर आली होती. दर दसऱ्याला, गाड्या भरभरून, प्रेमानं, तुडवून तुडवून आम्ही ती वर आणली होती. पट्टा खाली येतोय असं समजून त्याच्याभोवती आणखी टाकत गेलो होतो. चाचांनी खड्ड्यात उतरून ओट्यावरून हात फिरवला आणि नुसते म्हणाले, "बराबर है." सर "माफ करा चाचा" म्हणाले, पण ते इतक्या हळू की ते फक्त मी ऐकलं असेल.

आता काय करायचं यावर तिथेच, खड्ड्याभोवती, भांडण झालं. फळ्या काढून वर सरकवता येत नव्हत्या. बोल्ट गंजून लाकडात रुतले होते, हात लावला असता तर फळी दुभंगली असती. एकच उपाय होता, मैदान खाली नेणं.

"आपल्या हातानं आपलं खळं उकरायचं?" गजानन लाल झाला होता. "कोन मोजते बे? आजलोक मोजलं का कोनी? शनिवारपर्यंत गप राहा. रफिक रिंग धरून लोंबला की तो अमरावतीवाला तिथंच नाव लिहीन. मंग उकरा काय उकरायचं ते."

खरं सांगायचं तर मलाही गजाननचं पटत होतं. सात इंचांनी कोणाचं काय बिघडणार होतं? समोरच्या संघालाही तीच रिंग होती. सगळे रफिककडे पाहू लागले, कारण जे काही जायचं होतं ते त्याचंच.

रफिकनं एकदा रिंगकडे पाहिलं. "अमरावतीले रिंग दहाच फुटावर असन ना बे," तो म्हणाला. "तिथं जाऊन सगळ्याइच्या समोर पडाव, त्याच्यापेक्षा इथं पडतो."

"पन पडतो कायले? जिंकून जा ना!"

"गजा, टिकास दे."

मंगळवारपासून आम्ही मैदान उकरलं. सकाळी कॉलेजआधी आणि दुपारनंतर अंधार पडेपर्यंत. गजाननही आला, शिव्या देत, पण सगळ्यात जास्त टोपल्या त्यानंच उचलल्या. प्रत्येक थर सुटला की त्या वर्षीच्या शेणाचा वास मोकळा व्हायचा, कोमट आणि गोडसर, जणू काल सारवलं आहे. थरांतून वस्तू निघायच्या: शीतपेयांच्या बाटल्यांची बुचं, एक काचेची गोटी, शर्टाचं बटण, शिट्टीतला वाटाण्याएवढा लाकडी मणी, बकरीच्या गळ्यातली चिमुकली घंटी. कोणती तरी बकरी कोणत्या तरी वर्षी, ओल्या सारवणावर पाय देऊन गेली होती. तिच्या खुरांचे ठसेही एका थरावर मिळाले. सरांनी तो तुकडा फोडू दिला नाही, बाजूला ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी तो आपोआप भुगा झालेला होता.

गुरुवारी संध्याकाळी टेप दहा फुटांवर आला. लाल पट्टा पुन्हा वीतभर वर होता, त्याच्याखाली नव्यासारखं काळं.

मग रफिक बॉल घेऊन उभा राहिला. हाताला सात इंचांची सवय लागलेली. ती टिकासानं निघत नाही. टण्ण. पुढच्या कडेला. टण्ण. पुन्हा पुढच्या कडेला. मी बॉल आणून द्यायचो, तो टाकायचा. शुक्रवारी दिवसभर तोच आवाज. त्यानं जेवणाचा डबा उघडला नाही. संध्याकाळी त्याचे काही बॉल आत जाऊ लागले, पण डोळे मात्र हरवल्यासारखे झाले होते. स्वतःच्या घरात कोणी तरी उंबरठा वाढवून ठेवावा तसे.

शनिवार, बाजाराचा दिवस. मैदानाच्या चारही कडांना माणसं. भज्यांच्या कढईचा धूर थेट मैदानावर येत होता. अमरावतीचे गृहस्थ पांढरी टोपी घालून टेबलापाशी बसले. त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या आणि पेढ्यांची ताटली. त्यांनी रिंगकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं नाही. खामगावच्या संघानंही पाहिलं नाही. टेप मी खिशात घालून आणला होता, कोणी विचारलं तर असावा म्हणून. तो दिवसभर मांडीला टोचत राहिला.

सुरुवातीलाच आरोळी आली. "रिंग धर बे रफिक!"

तो थबकला. मग त्यानं चार पावलं घेतली, कदाचित लोकांसाठी, कदाचित स्वतःला एकदा पाहायचं म्हणून. वर गेला. बोटांची टोकं रिंगच्या खालच्या कडेला लागल्यासारखी झाली आणि सुटली. लोक हसले. "म्हातारा झाला का बे?" कोणी तरी ओरडलं, आणि आणखी हसू उठलं. ती म्हातारी मात्र म्हणाली, "बरं झालं बापा, भाजला असता."

पहिल्या अर्ध्यात आम्ही अकरा गुणांनी मागे पडलो. पाणी पिताना रफिक माझ्याजवळ आला. "मुनीम, कुठं लागून राह्यला?"

"सगळे पुढे. वर टाक. लांब नको, वर टाक."

दुसऱ्या अर्ध्यात त्यानं बॉल उंच सोडायला सुरुवात केली. बॉल हवेत इतका वर जायचा की मैदानावरचे सगळे चेहरे त्याच्या मागे वर जायचे. एक आत. एक बाहेर. दोन आत. अकराचे सहा झाले, सहाचे तीन. गजाननचा गुडघा फुटला होता आणि नव्यानं उघड्या पडलेल्या मुरमावर त्याच्या रक्ताचे थेंब पडून तिथेच जिरत होते. शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणानं मागे होतो तेव्हा खामगावच्या मुलानं रफिकला धक्का मारला. शिट्टी. दोन मोकळे बॉल.

कढईतलं तेल चुरचुरताना ऐकू येत होतं. कडेला उस्मानचाचा उभे होते, दुकानातून तसेच आलेले, चष्मा कपाळावर. ते मुलाकडे पाहत नव्हते, रिंगकडे पाहत होते.

पहिला बॉल उंच गेला, फळीला न लागता आत उतरला. बरोबरी. लोकांचा आवाज असा उठला की झाडावरचे कावळे उडाले. रफिकनं दुसरा बॉल हातात घेतला, दोनदा आपटला. त्या उकरलेल्या जमिनीवर आवाज वेगळा येत होता, कोरडा. त्यानं टाकला. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागला, वर उडाला, कडेवर बसल्यासारखा झाला, कडेनं अर्धा फिरला, आणि बाहेर पडला. खामगावच्या मुलानं तो झेलला, तिघे धावले, आणि दुसऱ्या टोकाला, शिट्टी वाजायच्या आधी, आत टाकला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

अमरावतीचे गृहस्थ उठले, टोपी सारखी केली आणि स्वतः होऊन रफिकपाशी आले. माणूस भला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उडी चांगली आहे बेटा. पण तुला रिंगचा अंदाज नाही. घरच्या मैदानावरही नाही, म्हणजे बघ. अंदाज नसेल तर वर घेऊन काय करणार?"

मी पुढे झालो. माझा हात खिशातल्या टेपवर होता. "साहेब, आमची रिंग आत्ता गुरुवारपर्यंत—" एवढंच मी बोललो. रफिकनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की दोन दिवस तिथे निळं होतं. ते माझ्याकडे वळून "काय?" म्हणाले.

"काही नाही सर," रफिक म्हणाला. "तुमची चारची गाडी निघून जाईन."

ते गेल्यावर मी त्याच्यावर ओरडलो. "काऊन बे? सांगू काऊन नाही दिलं?"

"काय सांगत होता? आमीच जमीन वर केली आन आमीच खाली केली?" तो खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. "त्यायनं पाह्यलं ते खरंच हाये ना. आज नव्हता मले अंदाज."

चाचा जवळ आले. सगळ्यांना वाटलं, ते काही समजुतीचं बोलतील. ते म्हणाले, "रिंग सीधी है ना? हिली तो नहीं?"

"नहीं अब्बा. एकदम बराबर."

"चल फिर."

दोघे बाजारातून गेले. एक पुढे, एक मागे, मिरच्यांच्या पोत्यांमधून. यादीत रफिकचं नाव नव्हतं. मार्चपासून तो दुकानात बसू लागला. पुढच्या दसऱ्याला नव्या मुलांनी खदानीतून मुरूम आणला आणि पसरला. आम्ही त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

"पाच हजार," रफिक खाली बसूनच म्हणाला, तेव्हा मी भानावर आलो.

भंगारवाला चमकला. "साडेपाच."

"सहा हजार दोनशे."

"घ्या मंग," भंगारवाला हसला. "लोखंडाचा भाव मले माहीत हाये. तुमी काय सोनं पाह्यलं काय त्याच्यात?"

हेडक्लार्कांनी पावती फाडायला घेतली. कटरवाला नळी उलगडू लागला तसा रफिक उठला. "नाही भाऊ. कापायचे नाहीत. खणून काढतो, उभेच नेतो." त्याच्या दुकानातली दोन माणसं टिकास घेऊन फाटकाबाहेर थांबली होती, तो सकाळीच ठरवून आला होता. मी त्याला विचारलं, एवढे खांब कुठे ठेवणार.

"अब्बाच्या जुन्या दुकानामागं जागा हाये. पोट्टे-पोट्ट्या तिथं भिंतीवर बॉल मारून राह्यल्या. त्यायले लावून देतो."

"किती उंचीवर?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला विचारल्याचीच लाज वाटली. "दहा. खाली काँक्रीट टाकलं हाये मुनीम. काँक्रीट वाढत नाही."

टिकास बुडाशी पडत होतं. मुरूम, काळसर पापुद्रा, मुरूम, पापुद्रा. आमच्यानंतरचे थर आमच्यासारखेच होते. दोन वीत खाली गेल्यावर रफिकनं हात वर करून माणसांना थांबवलं, स्वतः खड्ड्यात उतरला आणि बोटांनी माती काढली. गंजाच्या पोपड्यांमध्ये चार बोटं रुंदीचा लाल रंग दिसला. विटलेला, पण लाल.

"मोजायले ये रविवारी," तो खालूनच म्हणाला. "टेप हाये ना अजून?"

टेप आहे. काकांचाच. इंचांचे आकडे पुसट झालेत, पण दहाचा दिसतो.

दोन खांबांचे सहा हजार दोनशे रुपये रफिकनं हेडक्लार्कांना रोख दिले आणि पावती घेतली. मी निम्मे देऊ केले, ते त्यानं घेतले नाहीत; चहाचे चाळीस मात्र मला देऊ दिले, टपरीवाल्याला. कापायचे पाचशे कोणालाच दिले नाहीत.